एक कुकर, चाळीस मिनिटं अन् पोटभर वरणफळं

रूमवर राहणाऱ्या पोरापोरींचं सगळ्यात आधी काय सुटतं? रात्रीचं जेवण! त्यावर आपल्या वऱ्हाडातल्या आज्यांकडे जुना, स्वस्त अन् भरपेट उपाय आहे. कारंजातल्या एका भाड्याच्या खोलीत तो करून पाहिला, त्याची ही गोष्ट.

"तुमचं हिमोग्लोबिन कमी आहे. तुम्हाला रक्त देता येणार नाही."

गेल्या वर्षीची गोष्ट. मी अमरावतीला मास कम्युनिकेशन करत होते. कॉलेजात रक्तदान शिबिर होतं अन् त्याची बातमी लिहिणं ही आमची असाइनमेंट होती. म्हटलं, बातमी करता करता रक्तही देऊन टाकू, फोटोही मस्त येईल. अर्धा तास रांगेत उभी राहिले. बोटाला सुई टोचली, मशीनवर आकडा आला : ९.८. रक्त द्यायचं तर किमान १२.५ लागतं. माझ्या पाठोपाठ माझ्या दोन्ही रूममेट्सही तशाच परत आल्या. एकीचं १०.४, दुसरीचं ११.१. आम्ही तिघी एकाच खोलीत राहायचो, एकाच शेगडीवर रांधायचो. म्हणजे रांधत नव्हतो, हाच तर प्रॉब्लेम होता.

तिथल्या सिस्टरनं फार लेक्चर दिलं नाही. एकच प्रश्न विचारला, "रात्री काय जेवता गं?"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. सोमवारी नूडल्स. मंगळवारी सकाळच्या डब्यातली उरलेली पोळी अन् चहा. बुधवारी सबमिशन होतं, म्हणून चिवडा. गुरुवारी एकीचा उपवास, मग बाकी दोघींनीही तिच्याबरोबर साबुदाणा. शुक्रवारचं कोणालाच आठवेना. उपाशी कोणीच नव्हतं, पण जेवलंही कोणी नव्हतं.

हा आकडा आपल्या सगळ्यांचा

बातमी लिहायला बसले तेव्हा आकडे शोधले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय, म्हणजे ॲनिमिया आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४.२ टक्के. दोघींमागे एक, त्याहूनही थोडं जास्त. अन् पोरांनो, पान उलटू नका. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या पुरुषांतही हे प्रमाण २५ टक्के आहे. चार मित्र टपरीवर चहा पीत बसले असतील, तर त्यातला एक.

हिमोग्लोबिन बाईमाणसाचं १२ च्या खाली अन् पुरुषाचं १३ च्या खाली गेलं, की जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार तो ॲनिमिया. त्याची लक्षणं आपण रोज वेगळ्याच नावांनी सांगत असतो. 'यार, लेक्चरला झोपच येते.' 'दोन जिने चढले की दम लागतो.' 'वाचलेलं डोक्यात राहत नाही.' आपण समजतो, आपल्याला आळस आलाय.

शाळेत असताना दर आठवड्याला एक निळी गोळी मिळायची, आठवते? लोह अन् फॉलिक ॲसिडची. बाईंनी समोर उभं राहून गिळायला लावलेली. शाळा सुटली, गोळी सुटली. कॉलेजात गेल्यावर घर सुटलं, मग घरचं रात्रीचं जेवणही सुटलं. अन् आपला वाशिम तर नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक. महाराष्ट्रातले असे चार जिल्हे निवडले, त्यात नंदुरबार, गडचिरोली, तेव्हाचं उस्मानाबाद अन् वाशिम. या कार्यक्रमात ज्या गोष्टींवर लक्ष ठेवलं जातं, त्यात आरोग्य अन् पोषण पहिल्या रांगेत आहे. म्हणजे विषय फक्त आमच्या तिघींच्या खोलीचा नव्हता.

आजीचा पहिला प्रश्न

त्या शनिवारी एसटीनं घरी, कारंजाला आले. रिपोर्ट आईच्या हातात दिला. आई डॉक्टरकडे घेऊन गेली, गोळ्या सुरू झाल्या. आजीला आकडा वगैरे काही सांगितला नाही. तिनं नुसतं माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली.

"पांढरी फट पडली पोरगी. रातच्याले खातं काय वो तू?"

मी सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "वरनफयं काऊन नाही करत? एकाच गंजात तं होते."

वऱ्हाडात 'ळ'चा 'य' होतो हे इथल्या वाचकांना सांगायला नको. वरणफळं. कोणाच्या घरी चकोल्या म्हणतात, कोणाच्या घरी चिखोल्या. तुरीच्या डाळीचं पातळ, फोडणीचं वरण अन् त्यात उकळून शिजवलेले कणकेचे तुकडे. वेगळी पोळी नको, वेगळी भाजी नको, भात नको. ताटलीत घेतलं की जेवण पूर्ण.

लहानपणी हे मला अजिबात आवडायचं नाही. घरात भाजी नसली, आई थकलेली असली किंवा पाऊस धो धो पडत असला की व्हायचा तो 'नाइलाजाचा' पदार्थ. आज कळतं, की तो नाइलाजाचा नव्हता, सोयीचा होता. दिवसभर शेतात राबून आलेल्या बाईनं अंधार पडल्यावर एका चुलीवर, एका भांड्यात सगळ्या घराचं पोट कसं भरायचं, याचं उत्तर म्हणजे वरणफळं. आपणही साडेसातला क्लास संपवून रूमवर येतो तेव्हा आपल्यापुढेही तोच प्रश्न असतो की!

वरच्या खोलीतला मंगळवार

आता माझी डिग्री झाली, इंटर्नशिप सुरू आहे अन् मी घरीच असते. आमच्या घराच्या वरच्या खोलीत तीन मुली भाड्यानं राहतात. एक मानोऱ्याकडची, एक उंबर्ड्याकडची, एक धनजकडची. दोघी बी.ए.ला, एक बी.कॉम.ला. कारंजा तसं मोठं शहर नाही. दिल्ली वेस, दारव्हा वेस, पोहा वेस, मंगरूळ वेस, या चार वेशींच्या आतबाहेर चालत सगळं गाठता येतं. पण आजूबाजूच्या खेड्यांतल्या पोरींसाठी कॉलेजचं गाव हेच. संध्याकाळची शेवटची एसटी चुकली तर घर चुकलं, म्हणून खोली करून राहतात.

एका मंगळवारी वर गेले तर तिघी तीन कोपऱ्यांत. एकीचं डोकं दुखत होतं. "जेवलीस का?" तर म्हणे, "भूक नाही ताई, चहा घेतला." मला माझाच जुना चेहरा दिसला. खाली गेले, आजीला विचारून माप घेतलं अन् वर आले. त्यांच्याकडे होतं काय? पाच लिटरचा एक कुकर, छोट्या सिलिंडरची एक शेगडी, पोळपाट-लाटणं, घरून आलेली तुरीची डाळ अन् कणीक. डाळ तर आपल्याकडे घरोघरी घरचीच असते. तूर अन् सोयाबीन पिकवणारा तालुका आपला. पोरींच्या डब्यात डाळ पडून होती अन् पोरी बिस्किटांवर झोपत होत्या.

आजी आधी डाळ शिजवते, मग दुसऱ्या गंजात फोडणी देते. रूमवर शेगडी एकच, म्हणून आम्ही क्रम उलटा केला : आधी कुकरमध्येच फोडणी, त्यावरच डाळ. भांडं एक, घासायलाही एकच.

डोकं दुखणारीनं लसूण सोलला. बी.कॉम.वालीनं कणीक मळली. तिसरीचा धाकटा भाऊ आयटीआयला आहे, तो पुस्तक द्यायला आला होता. त्यालाही सोडलं नाही, पालक निवडायला बसवला. तो आधी लाजला, मग म्हणाला, "हे मी आमच्या रूमवर पण करू शकतो ना?" करू शकतो. लाटणं धरायला कोणती डिग्री लागते!

फळं सोडायच्या वेळेस नेमकी लाईन गेली. गॅस होता म्हणून वाचलो. मोबाईलच्या टॉर्चमध्ये उकळत्या वरणात एकेक शंकरपाळा सोडला. आठ वाजून दहा मिनिटांनी सगळे गोल करून बसलो. चहावर झोपणार होती तिनं दोनदा घेतलं.

असं करा (दोघांसाठी, पोटभर)

आजीचं माप सोपं आहे. माणशी एक मूठ डाळ, दोन मुठी कणीक. वाटी-चमचा नसला तरी चालतं.

साहित्य : तुरीची डाळ दोन मुठी (साधारण १०० ग्रॅम), शेंगदाणे एक लहान मूठ (३० ग्रॅम), कणीक चार मुठी (१५० ग्रॅम), पालक किंवा मेथीची एक छोटी जुडी, दोन टमाटे, लसणाच्या सात-आठ पाकळ्या, एक-दोन हिरव्या मिरच्या, अर्धा चमचा ओवा, मोहरी, जिरं, हळद, हिंग, तिखट, घरात असेल तो काळा मसाला एक चमचा, मीठ, दोन चमचे तेल, अर्धं लिंबू, वरून सांबार. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी : विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबरचं सांबार ओतू नका.)

पहिली ५ मिनिटं : डाळ धुवा. कुकरमध्ये तेल तापवून मोहरी, जिरं तडतडू द्या. ठेचलेला लसूण अन् मिरची घाला. लसूण बदामी झाला की हिंग, हळद. त्यावर डाळ, शेंगदाणे अन् डाळीच्या तिप्पट पाणी. झाकण लावा. टमाटे आत्ताच टाकू नका. आंबटानं डाळ शिजायला वेळ लागतो.

पुढची १५ मिनिटं : चार शिट्ट्या होईपर्यंत कणीक मळा. त्यात ओवा, चिमूटभर हळद, थोडं तिखट, मीठ अन् चमचाभर तेल. पुऱ्यांच्या कणकेसारखा घट्ट उंडा हवा. झाकून ठेवा. तेवढ्यात भाजी निवडा, टमाटे चिरा.

त्यानंतरची ७ मिनिटं : गॅस बंद करून कुकरची वाफ जाऊ द्या. तोवर नेहमीपेक्षा किंचित जाड पोळी लाटा अन् सुरीनं शंकरपाळ्यासारखे तुकडे कापा. पोळपाट नसेल तर कणकेची छोटी गोळी तळहातावर दाबून चपटी करा, मधे बोटानं खळगा पाडा. आजीच्या हातची 'फळं' अशीच असतात.

शेवटची १२-१३ मिनिटं : कुकर उघडा, डाळ घोटा. शेंगदाणे अख्खेच राहतील, राहू द्या. टमाटे, तिखट, मसाला, मीठ अन् चार ते पाच वाट्या पाणी घाला. शक्य असेल तर गरम पाणी. खळखळून उकळी आली की फळं एकेक करून सोडा. झाकण न लावता आठ मिनिटं शिजवा, मधूनमधून हलक्या हातानं तळापासून ढवळा. मग चिरलेली भाजी घाला, आणखी तीन-चार मिनिटं. एक फळ तोडून बघा. आत पांढरी, कच्ची रेघ दिसली नाही की झालं.

ताटात घेतल्यावर लिंबू पिळा, सांबार टाका. घरून तूप आलं असेल तर एक चमचा. नसेल तर वरून कच्चं तेल, आपल्याकडे ते चालतं. सोबत कांदा.

कुठं बिघडतं

पहिल्या दोन वेळा माझं बिघडलंच होतं, म्हणून सांगते.

पहिल्यांदा उकळी यायच्या आधीच फळं सोडली. सगळी एकमेकांना चिकटून एक मोठा गोळा तयार झाला. रूममेट म्हणाली, "हा केक आहे का?" पाणी खळखळत असलं की फळाचा वरचा थर लगेच शिजतो अन् ती सुटी राहतात.

दुसऱ्यांदा वरण नेहमीसारखं दाट ठेवलं. दहा मिनिटांत खाली लागलं, वरून पेस्ट. फोनवर आजी म्हणाली, "डाय पातय ठेव पोरी, फयं पानी पेतेत." कणीक शिजताना पाणी ओढून घेते. आधी वरण पाण्यासारखं पातळ वाटलं पाहिजे, शेवटी ते आपोआप जमतं.

कणीक सैल मळली तर फळं विरघळून लापशी होते. कुकरचं झाकण लावून फळं शिजवायचा मोह टाळा. फेस वर येतो अन् शिट्टीत अडकतो. अन् सकाळी उरलेलं वरणफळ दगडासारखं दिसलं तर फेकू नका. वाटीभर पाणी घालून उकळा, पुन्हा सैल होतं. काही जणांना तर सकाळचंच जास्त आवडतं.

इंडक्शनवाल्यांसाठी : साधा ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर चालत नाही. खाली 'इंडक्शन बेस' असलेला घ्या.

ताटात नेमकं काय पडलं

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे ५० किलोच्या मुलीला साधारण ४२ ग्रॅम. आता हिशेब करू. १०० ग्रॅम तुरीच्या डाळीत जवळपास २२ ग्रॅम प्रथिनं असतात, १५० ग्रॅम कणकेत सुमारे १६ अन् ३० ग्रॅम शेंगदाण्यांत सातेक. एकूण ४५. दोघांत वाटले तर माणशी २२-२३ ग्रॅम. दिवसाच्या गरजेच्या निम्म्याहून जास्त प्रथिनं एका ताटात.

शिवाय डाळ अन् गहू एकत्र येतात याला अर्थ आहे. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यातलं लायसीन गव्हात कमी असतं, डाळीत भरपूर. मिथिओनिन डाळीत कमी, गव्हात त्यापेक्षा बरं. एकाची उणीव दुसरं भरून काढतं. वरण-पोळी, खिचडी, वरणफळं, सगळ्यांमागे हेच गणित.

आता लोह. प्रौढ बाईला रोज २९ मिलिग्रॅम लागतं, पुरुषाला १९. पाळीमुळे बाईची गरज जास्त. डाळ, कणीक, दाणे अन् पालेभाजी मिळून या एका ताटात सात-आठ मिलिग्रॅम येतं, म्हणजे मुलींच्या गरजेचा साधारण चौथा हिस्सा. पण खाल्लेलं सगळं लोह अंगी लागत नाही. वनस्पतींतलं लोह शरीर फार थोडं शोषतं. पालकाचं तर नाव मोठं, पण त्यातलं ऑक्झॅलेट लोहाला धरून ठेवतं. म्हणून लिंबू महत्त्वाचं. त्यातलं 'क' जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. ते उष्णतेनं कमी होतं, म्हणून लिंबू कुकरमध्ये न पिळता ताटात पिळायचं.

अन् चहा! जेवणावर लगेच चहा घेतला तर त्यातली टॅनिन्स लोह अडवतात. जेवण अन् चहा यात किमान तासाभराचं अंतर ठेवा. मला माहीत आहे, हे वऱ्हाडात सांगणं म्हणजे काय आहे ते. माझ्यासाठी सगळ्यात अवघड हेच गेलं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. वरणफळं हे औषध नाही. हिमोग्लोबिन कमी असेल तर सरकारी दवाखान्यात तपासणी करा अन् डॉक्टर सांगतील तितके महिने गोळ्या घ्या. जेवणाचं काम वेगळं आहे. गोळ्यांनी भरून काढलेलं पुन्हा गळून जाऊ नये, यासाठी ते रोज लागतं.

खिशाचं काय?

त्या मंगळवारचा दोघांच्या मापाचा हिशेब आम्ही वहीत मांडला. डाळ घरची होती, तरी दुकानाचा भाव धरला. १३० रुपये किलोनं १०० ग्रॅम डाळ १३ रुपये, कणीक ६, शेंगदाणे ४, पालक १०, टमाटे ५, तेल-मसाला-लिंबू मिळून ८. एकूण ४६ रुपये, माणशी २३. गॅस वेगळा. नूडल्सची दोन पाकिटं घेतली तरी खर्च याच्याच आसपास जातो अन् अकरा वाजता पुन्हा भूक लागते.

वेळेचं म्हणाल तर चाळीस मिनिटांतली पंधरा कुकरची असतात. तेवढ्यात उद्याच्या नोट्सही चाळून होतात.

रोज तेच नको असेल तर

ऋतूप्रमाणे भाजी बदला. थंडीत मेथी अन् तुरीचे ओले सोले. डिसेंबर-जानेवारीत शेतात तुरीच्या शेंगा भरतात तेव्हा मूठभर सोले वरणात टाकून बघा, घरी सोलेभात खाल्लेल्यांना चव लगेच ओळखू येईल. उन्हाळ्यात चिवळ. पावसाच्या सुरुवातीला तरोट्याचा कोवळा पाला. आंबाडी घातली तर टमाट्याला सुट्टी.

लग्नाच्या पंगतीतली डाळभाजी आठवा. डाळ, पालक अन् मधेच दाताखाली येणारा शेंगदाणा. आमच्या रेसिपीतले दाणे तिथूनच आले. ज्या दिवशी पोळी लाटायचाही कंटाळा असेल, त्या दिवशी फळं न घालता नुसती डाळभाजी करा अन् सकाळच्या पोळ्या त्यात कुस्करा.

अन् सोयाबीन! जिल्ह्याच्या शिवारात जिकडे पाहावं तिकडे सोयाबीन, पण ते बहुतेक तेल अन् ढेपेसाठी जातं, आपल्या ताटात फारसं येत नाही. गावाकडून दळण येत असेल तर नऊ किलो गव्हात एक किलो सोयाबीन दळून आणा. मात्र भाजूनच. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, ते उष्णतेनं निकामी होतात.

हा पदार्थ फक्त आपलाच आहे असंही नाही. गुजरातची दाळ ढोकळी ही वरणफळांची सख्खी बहीण, फक्त तिकडे गूळ-कोकमाचा आंबटगोडपणा. उत्तर प्रदेशात अन् बिहारमध्ये याला 'दाल की दुल्हन' म्हणतात. नाव ऐकून आजी खूप हसली होती. जर्मन भाषेत तर एका भांड्यातल्या अशा जेवणाला 'आइनटोफ' असा शब्दच आहे, अर्थ 'एक भांडं'. जिथं जिथं माणसं दमून घरी येतात, तिथं तिथं कोणीतरी हे शोधून काढलंच आहे.

सध्याची स्थिती

गोळ्या मी चार महिने नियमित घेतल्या. रात्रीचं जेवण एकदाही सोडलं नाही. आठवड्यातून दोनदा वरणफळं, एकदा खिचडी, बाकी दिवस आईच्या हातचं. मागच्या महिन्यात पुन्हा तपासलं : १२.१. रक्त द्यायला अजून ०.४ कमी आहे. जुन्या रूममेट्सचा ग्रुप आहे, त्यात मी रिपोर्टचा फोटो टाकला. १०.४ वालीनं लगेच विचारलं, "पाणी किती वाट्या म्हणाली होती आजी?"

वरच्या खोलीतल्या तिघींनी भिंतीवर कागद लावलाय. सोमवार ते शनिवार, कोणाची पाळी रांधायची, कोणाची घासायची. मंगळवारच्या रकान्यात पेनानं ठळक लिहिलंय : वरणफळं. डोकं दुखणारीनं अजून हिमोग्लोबिन तपासलेलं नाही, भीती वाटते म्हणते. येत्या सोमवारी मी तिला सोबत घेऊन दवाखान्यात जाणार आहे.

परवा जिन्यातून खाली आली अन् आजीला विचारायला लागली, "आजी, मेथी घातली तर कडू लागते का?"

"मेथी हाय, कडू तं लागनच," आजी म्हणाली. "दाने जास्त टाक."